घरामागचा छोटा प्लंज पूल: नाशिकचं पाणी, नाशिकचं ऊन आणि सात हजार लिटरचा हिशोब

मोठ्या तरणतलावात चार-पाच लाख लिटर पाणी असतं. त्यात क्लोरीन एक मग जास्त पडलं काय किंवा कमी पडलं काय, पाण्याला फारसा फरक पडत नाही. घरामागच्या छोट्या, नुसतं डुंबायच्या पूलमध्ये (प्लंज पूल) तसं चालत नाही. सात हजार लिटरमध्ये चार मुलं तासभर खेळली, दुपारचं कडक ऊन लागलं किंवा मूठभर पावडर अंदाजाने पडली, की संध्याकाळपर्यंत पाणी बदललेलं असतं. बहुतेक छोटे पूल पंपामुळे बिघडत नाहीत, ‘अंदाजे’ घालण्यामुळे बिघडतात. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला वजनकाटा, खुणा असलेलं मोजपात्र आणि टेस्ट किट या तीन वस्तू आधी आणा, मग बाकीचं.

खालची सगळी मापं ७,००० लिटरची आहेत, म्हणजे २.८ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि १.२५ मीटर खोल पाणी. तुमचा पूल वेगळा असेल तर लांबी, रुंदी आणि पाण्याची खोली मीटरमध्ये गुणा, त्याला हजाराने गुणा, लिटर मिळतात. पायऱ्या किंवा बसायचा कट्टा असेल तर तेवढा भाग वजा करा. हा आकडा पंपघराच्या भिंतीवर रंगाने लिहून ठेवा. पुढचा प्रत्येक डोस त्यावरून निघतो.

जागेबद्दल थोडक्यात. सव्वा मीटर पाणी म्हणजे दर चौरस मीटरला १,२५० किलो, शिवाय भिंती आणि माणसं वेगळी. घराचा साधा स्लॅब साधारण २०० किलो प्रति चौरस मीटर वापराचा भार धरून काढलेला असतो. त्यामुळे गच्चीवर पूल ठेवायचा विचार स्ट्रक्चरल इंजिनिअरने कागदावर हिशोब करून दिल्याशिवाय करू नका. जमिनीत करत असाल तर काळी माती पूर्ण काढून मुरूम किंवा खडक लागेपर्यंत खाली जा. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि पहिल्या दोन वर्षांत ग्राउटमध्ये (टाइलांच्या फटींतल्या भरणीत) केसासारख्या चिरा दिसतात त्या यामुळेच.

झाड जवळ असेल तर ते कोणतं, ते बघा. कडुनिंब फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं टाकतो, पण ती जाळीने निघतात. शेवग्याची पानं जास्त त्रास देतात. ती करंगळीच्या नखाएवढी असतात, स्किमरच्या (पाण्यावरचा कचरा ओढून घेणाऱ्या भिंतीतल्या तोंडाच्या) टोपलीच्या भोकांतून आत जातात आणि थेट पंपाच्या गाळणीत चिखलासारखा थर करतात. शेवगा तोडायची गरज नाही. स्किमरच्या टोपलीत जुन्या नायलॉन मोज्याचा तुकडा ताणून बसवा आणि पानगळीच्या दिवसांत रोज धुवा.

कोणतं पाणी भरायचं

शहरात नळाला येणारं पाणी मुख्यतः गंगापूर धरणातलं, म्हणजे साठवलेलं पावसाचं पाणी. ते तुलनेने मऊ असतं. बोअरचं पाणी काळ्या पाषाणातून येतं, त्यात क्षार जास्त. मखमलाबाद, पाथर्डी किंवा गंगापूर रोडच्या पलीकडे बंगला असेल आणि सगळी भिस्त बोअरवर असेल, तर भरण्याआधी बाटलीभर पाण्याची हार्डनेस (कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार), अल्कलिनिटी (आम्ल शोषण्याची ताकद) आणि टीडीएस (एकूण विरघळलेले क्षार) तपासून घ्या. टँकर मागवलात तर तो कुठून भरला ते विचारा. बहुतेकदा तेही बोअरच असतं.

हार्डनेस १५० ते ३०० पीपीएम (दर लिटरला तेवढे मिलिग्रॅम) असेल तर उत्तम. ४००च्या वर असेल तर पूल चालतो, पण पीएच (पाणी आम्ल की अल्कली, ते सांगणारा आकडा) ७.२ ते ७.४ आणि अल्कलिनिटी ८०च्या आसपास, म्हणजे दोन्ही खालच्या बाजूला ठेवावं लागतं. नाहीतर पाण्याच्या रेषेवर पांढरा, खरखरीत पट्टा बसतो आणि फिल्टरमधल्या वाळूचे गोळे होतात.

खरा त्रास भरल्यानंतर सुरू होतो. मे महिन्यात उघड्या पूलमधून दिवसाला ८ ते १० मिलिमीटर पाणी सहज उडतं. आपल्या ५.६ चौरस मीटरच्या पूलमधून ते रोज सुमारे ५० लिटर, महिन्याला दीड हजार लिटर. पाणी उडतं, क्षार मागे राहतात. ही तूट ४०० पीपीएमच्या बोअरने भरत राहिलात तर दर महिन्याला हार्डनेस सुमारे ८५ पीपीएमने चढते. मार्चमध्ये स्वच्छ असलेला पूल जूनमध्ये पांढरट का होतो, याचं उत्तर इथे आहे. उपाय दोन: वापर नसताना पूलवर झाकण, आणि भर घालायला शक्य तेवढं नळाचं पाणी. पाणीकपातीच्या वर्षी तर झाकणाला पर्यायच नाही.

पहिल्यांदा भरताना

सिमेंटचा पूल असेल तर प्लास्टर आणि ग्राउट पूर्ण पिकू द्या, २८ दिवस. पाइपाचं तोंड जुन्या गोणपाटात गुंडाळून तळाला ठेवा, म्हणजे धार एकाच जागी प्लास्टर खरवडत नाही. एकदा भरायला घेतलं की स्किमरच्या तोंडाच्या मध्यापर्यंत न थांबता भरा. उघड्या प्लास्टरवर मध्येच थांबलं की तिथे कायमची रेघ उमटते. त्यामुळे टँकर एकामागोमाग एक सांगून ठेवा.

भरल्यावर गळतीची परीक्षा. बादलीत पाणी भरून ती पायरीवर अशी ठेवा की आतली आणि बाहेरची पातळी एक असेल. दोन्हीकडे पेन्सिलने खूण करा. चोवीस तासांनी, पंप बंद असताना, पाहा. दोन्ही पातळ्या सारख्याच उतरल्या तर ते ऊन. पूलची पातळी बादलीपेक्षा जास्त उतरली तर ती गळती. आधी पाइपांचे सांधे आणि स्किमरचा गळा तपासा, प्लास्टरवर संशय नंतर.

आता फिल्टर. एवढ्या पूलला ४०० मिमी व्यासाचा सँड फिल्टर आणि अर्ध्या अश्वशक्तीचा पंप पुरतो. त्याचा प्रवाह तासाला सुमारे ५,००० लिटर, म्हणजे दीड तासात सगळं पाणी एकदा फिरतं. नवीन वाळू आधी बॅकवॉश करा (पाणी उलटं सोडून धुवा), काचेच्या नळीत पाणी स्वच्छ दिसेपर्यंत, मग अर्धा मिनिट ‘रिन्स’, मग ‘फिल्टर’. मल्टीपोर्टचा (फिल्टरवर पाण्याची वाट बदलणाऱ्या व्हॉल्व्हचा) दांडा फिरवण्याआधी मोटर बंद, हे प्रत्येक वेळी. चालू मोटरवर दांडा फिरवला की आतलं चाकासारखं रबर निसटतं आणि त्यानंतर बॅकवॉशच्या पाइपातून पाणी कायम झिरपत राहतं. स्वच्छ फिल्टरवर दाबाचं गेज किती दाखवतं ते फिल्टरच्या अंगावर मार्करने लिहा. तिथून अर्धा किलो (प्रति चौरस सेंटिमीटर) चढलं की बॅकवॉश, त्याआधी उगाच नको. किंचित मळलेली वाळू जास्त बारीक कचरा धरते.

रसायनं घालायचा क्रम ठरलेला आहे: आधी अल्कलिनिटी, मग पीएच, मग स्टॅबिलायझर, शेवटी क्लोरीन. अल्कलिनिटी म्हणजे पीएचला धरून ठेवणारा आधार. ती नीट नसेल तर आज बसवलेला पीएच उद्या पुन्हा हललेला असतो.

अल्कलिनिटी ८० ते १२० हवी. कमी असेल तर साधा खाण्याचा सोडा. ७,००० लिटरमध्ये १२० ग्रॅम सोड्याने ती १० पीपीएम चढते. बोअरच्या पाण्यात ती ३००पर्यंतही असू शकते. तेव्हा म्युरिॲटिक ॲसिड लागतं, ३० ते ३३ टक्क्यांचं. १० पीपीएम उतरवायला सुमारे १४० मिली. म्हणजे ३०० वरून १०० वर यायला एकूण २.८ लिटर. हे एकदम ओतायचं नाही. एका वेळी २५० मिली, बादलीभर पाण्यात मिसळून, पंप चालू ठेवून परतीच्या (फिल्टरमधून पूलमध्ये परत येणाऱ्या) धारेसमोर. परतीचा जेट वर वळवा, म्हणजे पृष्ठभाग खळखळतो, कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि पीएच पुन्हा वर येतो. मग पुढचा डोस. तीन-चार दिवस लागतात, पण हे एकदाच करायचं काम आहे. बाथरूम साफ करायचं रंगीत ॲसिड वापरू नका. ते पातळ असतं आणि त्यात फेसाचे पदार्थ असतात.

ॲसिड नेहमी पाण्यात घालायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीही नाही. हातमोजे, चष्मा, आणि वारा पाठीमागून येईल असं उभं राहा.

पीएच ७.२ ते ७.६. अल्कलिनिटी शंभराच्या आसपास असताना ७.८ वरून ७.४ वर यायला ७० ते १०० मिली ॲसिड पुरतं. आधी ५० मिली घाला, दोन तासांनी पुन्हा मोजा. नवं प्लास्टर महिनाभर चुना सोडतं, तोवर पीएच रोज चढतो. त्या महिन्यात रोज मोजा आणि भिंती रोज ब्रशने घासा. एफआरपीच्या (फायबरग्लासच्या) तयार पूलला हा त्रास नाही.

स्टॅबिलायझर म्हणजे सायन्युरिक ॲसिड. त्याच्याशिवाय नाशिकच्या उन्हात निम्मं क्लोरीन तासाभरात उडून जातं. ३० पीपीएमसाठी २१० ग्रॅम. ते पटकन विरघळत नाही, म्हणून सुती मोज्यात बांधून परतीच्या जेटसमोर टांगा आणि अधूनमधून मोजा पिळा. पुढचे चार-पाच दिवस बॅकवॉश करू नका, नाहीतर न विरघळलेले कण वाळूतून वाहून जातात.

शेवटी क्लोरीन, पहिल्या दिवशी ५ पीपीएमपर्यंत. १० टक्क्यांचं पातळ सोडियम हायपोक्लोराइट असेल तर ३५० मिली, सूर्य मावळल्यावर. तासाभराने मोजा, सकाळी उजाडण्याआधी पुन्हा मोजा. रात्रीत ऊन नसतं. तरीही १ पीपीएमपेक्षा जास्त उतरलं तर पाण्यात काहीतरी क्लोरीन खातंय, बहुधा शेवाळ किंवा पाइपातली घाण. फरक १च्या आत येईपर्यंत रोज संध्याकाळी ५ वर आणत राहा. नंतर रोजची पातळी २ ते ३ ठेवा. भरल्यावर पाणी चहासारखं तपकिरी झालं तर घाबरू नका. बोअरच्या पाण्यातलं लोह क्लोरीनमुळे बाहेर पडतं आणि दोन-तीन दिवसांत फिल्टर ते धरतो.

कोणतं क्लोरीन

दुकानात चार प्रकार मिळतात, आणि चारही ‘चालतात’ असंच सांगितलं जातं. छोट्या पूलमध्ये त्यांच्यातला फरक फार लवकर दिसतो.

ब्लिचिंग पावडर विहिरीसाठी ठीक. तिच्यात क्लोरीन एक तृतीयांशच, बाकी चुना. तो तळाला पांढरा गाळ करतो आणि हार्डनेस वाढवतो. पूलमध्ये नकोच. ६५ टक्क्यांचं कॅल्शियम हायपोक्लोराइट चांगलं, ११ ग्रॅमने १ पीपीएम चढतं. पण तेही कॅल्शियम सोडतं, म्हणून बोअरवाल्या घरांनी ते टाळावं.

टीसीसीए म्हणजे ९० टक्क्यांच्या गोळ्या. ८ ग्रॅमला १ पीपीएम. सोपं असल्यामुळे सगळे हेच वापरतात आणि इथेच फसतात. या गोळ्यांमधून दर १० पीपीएम क्लोरीनबरोबर ६ पीपीएम स्टॅबिलायझर येतो. उन्हाळ्यात रोज २ पीपीएम लागतं असं धरा: महिन्याला ६० पीपीएम क्लोरीन आणि त्याच्यासोबत ३६ पीपीएम स्टॅबिलायझर. तीसपासून सुरू केलेला पूल दोन महिन्यांत शंभराच्या वर जातो. मग किट क्लोरीन ३ दाखवतं आणि तरीही पाणी हिरवं पडतं, कारण क्लोरीन बांधलं गेलेलं असतं. त्यावर औषध नाही. अर्धं पाणी काढून नवीन भरणं एवढंच. शिवाय २०० ग्रॅमच्या एका गोळीत पूर्ण पूलसाठी २५ पीपीएमहून जास्त क्लोरीन असतं. घ्यायच्याच असतील तर २० ग्रॅमच्या घ्या, तरंगत्या डब्यात ठेवा, आणि डबा एका कोपऱ्यात अडकू देऊ नका. तिथे एफआरपीवर फिकट डाग पडतो. स्किमरमध्ये गोळी कधीच नको. पंप बंद असताना तिथे साचणारं पाणी तीव्र आम्ल होतं आणि पंपाचं सील खातं.

रोजच्यासाठी पातळ हायपोक्लोराइट सर्वात बरं. १० टक्क्यांचं १४० मिली म्हणजे २ पीपीएम. मागे क्षार म्हणून फक्त थोडं मीठ उरतं. त्याचा दोष एवढाच की उन्हाळ्यात कॅनमधलं क्लोरीन आपोआप कमी होत जातं. म्हणून पाच लिटरचाच कॅन घ्या, सावलीत ठेवा. कस ओळखायची सोपी रीत: १४० मिली घातल्यावर तासाभराने क्लोरीन २ ने चढायला हवं. १ नेच चढलं तर माल अर्ध्या ताकदीचा आहे, डोस दुप्पट करा. गोळ्या फक्त आठवडाभर गावाला जाताना.

मोजताना होणाऱ्या चुका

पिवळा रंग देणारं स्वस्त किट एकूण क्लोरीन दाखवतं, त्यातलं किती कामाचं आहे ते नाही. गुलाबी रंग देणारं डीपीडी किट घ्या. नमुना पृष्ठभागाचा नको. हात कोपरापर्यंत बुडवून, जेटपासून लांबचं पाणी घ्या. डीपीडीत थेंब पडताच गुलाबी रंग चमकून लगेच नाहीसा झाला तर त्याचा अर्थ क्लोरीन शून्य असा नसतो. ते इतकं जास्त असतं की रंगच उडवतं. अशा वेळी लोक आणखी क्लोरीन ओततात. पूलच्या पाण्यात तेवढंच पिण्याचं पाणी मिसळून पुन्हा मोजा आणि उत्तर दुप्पट करा. क्लोरीन खूप चढलेलं असताना पीएचचा लाल रंगही जांभळट होतो. त्यावर विश्वास ठेवून ॲसिड घालू नका.

उन्हाळ्यात क्लोरीन आणि पीएच रोज, हिवाळ्यात दिवसाआड. अल्कलिनिटी आठवड्याला. हार्डनेस आणि स्टॅबिलायझर महिन्याला.

वर्षभराचं चक्र

मार्च ते मे पंप सहा तास चालवा, दोन हप्त्यांत: सकाळी तीन, संध्याकाळी तीन. अर्ध्या अश्वशक्तीला दिवसाला सुमारे तीन युनिट. वीज गेली की साधा काटेवाला टायमर तेवढा वेळ मागे पडतो. आठवड्याने बघावं तर पंप भर दुपारी किंवा मध्यरात्री चालतोय. दर रविवारी घड्याळाशी जुळवा.

रंगपंचमीला जुन्या नाशकात रहाडीत (रंगाच्या पाण्याच्या जुन्या हौदात) उड्या मारून आलेली मंडळी थेट पूलमध्ये उतरली तर त्या रंगाने दिवसभराचं क्लोरीन संपतं आणि ग्राउट रंगतं. त्या दिवशी झाकण घालून ठेवा. दिवाळीत तेल-उटणं लावलेल्या अंगाचंही तेच. तेल पाण्याच्या रेषेवर चिकट पट्टा करतं आणि वाळूचे कण एकमेकांना चिकटवतं. एरवीही पूलमध्ये उतरण्याआधी अंगावर दोन तांबे पाणी घेतलं तरी क्लोरीनचा खर्च जाणवण्याइतका कमी होतो.

शेजारी द्राक्षबाग असेल तर ऑक्टोबर छाटणीनंतरच्या फवारण्यांकडे लक्ष ठेवा. बोर्डो मिश्रणात मोरचूद (कॉपर सल्फेट) असतं. वाऱ्यावर आलेलं तांबं पाण्याला हिरवट झाक आणि भिंतीला डाग देतं. बागवाल्यांना फवारणीचा दिवस विचारून घ्या, ते सांगतात.

पावसाळ्यात ५० मिमी पाऊस म्हणजे पूलमध्ये २८० लिटर. त्याने क्षार उतरतात, ही चांगली गोष्ट, पण क्लोरीन आणि स्टॅबिलायझरही पातळ होतात. जोराच्या सरीनंतर त्याच संध्याकाळी क्लोरीन मोजा. अंगणातलं गढूळ पाणी आत येऊ नये म्हणून काठ जमिनीपेक्षा १० सेंटिमीटर तरी वर हवा. गढूळ झालंच तर तुरटी: १०० ग्रॅम बारीक कुटून बादलीत विरघळवा, पाण्यावर सगळीकडे पसरा, पंप दोन तास ‘रिसर्क्युलेट’वर चालवून रात्रभर बंद ठेवा. सकाळी तळाला मऊ, राखाडी थर बसलेला दिसेल. व्हॅक्यूमची नळी मुंगीच्या चालीने फिरवा आणि मल्टीपोर्ट ‘वेस्ट’वर ठेवा. फिल्टरमधून नेलंत तर तोच गाळ वाळूत अडकतो.

पावसाळ्यात पूल रिकामा कधीच करू नका. बाहेरची जमीन पाण्याने भरलेली असते. आतलं वजन गेलं की एफआरपीचा पूल होडीसारखा वर उचलला जातो, सिमेंटचा तडकतो.

हिवाळ्यात पारा दहाच्या खाली जातो तेव्हा शेवाळही मंदावतं. पंप दोन तास आणि क्लोरीनचा निम्मा डोस पुरतो. पण पंप पूर्ण बंद करून पाणी उघडं ठेवलं तर ऊब परतताच आठवड्या-दहा दिवसांत डासांची पिढी तयार होते. पूल बंदच ठेवायचा असेल तर क्लोरीन शून्यावर येऊ द्या आणि गप्पी मासे सोडा.

बिघडलं तर

पाणी हिरवं आणि बुळबुळीत: भिंती ब्रशने घासा, पीएच ७.२ वर आणा, क्लोरीन १२ पीपीएमपर्यंत न्या, म्हणजे शून्यावरून ८४० मिली. पंप चोवीस तास चालू. सकाळ-संध्याकाळ मोजून पुन्हा १२ वर आणा, गेज चढेल तसा बॅकवॉश करा. हिरव्याचं राखाडी आणि राखाडीचं स्वच्छ व्हायला तीन ते पाच दिवस लागतात. क्लोरीन ४च्या खाली येईपर्यंत कुणीही उतरू नये.

डोळे चुरचुरतात आणि क्लोरीनचा उग्र वास येतो: बहुतेकांना वाटतं क्लोरीन जास्त झालं. बहुधा कमी पडलेलं असतं. घाम आणि लघवीशी जोडलं गेलेलं क्लोरीन असा वास देतं. एकूण क्लोरीनमधून मुक्त, म्हणजे कामाचं, क्लोरीन वजा करा; जो फरक येईल त्याच्या दहापट क्लोरीन एकदम घाला, रात्री, झाकण काढून.

बॅकवॉशचं पाणी एका वेळी २५० लिटर निघतं. ते पिंपात दोन दिवस उघडं ठेवून नारळाला, चिकूला घाला. तुळशीला आणि कोवळ्या रोपांना नको.

रसायनं आणि माणसं

टीसीसीए आणि कॅल्शियम हायपोक्लोराइट एकमेकांत मिसळले तर पेट घेतात, स्फोटही होतो. एकाचा चमचा दुसऱ्यात घालू नका, ओला तर नाहीच. ॲसिड आणि कोणतंही क्लोरीन एकत्र आलं की विषारी वायू निघतो. दोन्ही एकाच कपाटात ठेवू नका, आणि एक घातल्यावर दुसरं घालायला तासभर थांबा. पंपाच्या लाइनला ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच), वेगळं अर्थिंग, आणि पाण्यातला दिवा १२ व्होल्टचाच.

चारही बाजूंनी १.२ मीटर उंच कुंपण, आपोआप बंद होणारं दार, कडी वरच्या बाजूला. ताणून बसवलेलं नसेल तर झाकणावर मूल चालू शकत नाही, ते त्याच्यासकट आत जातं. तळाच्या निचऱ्यावर फुगीर जाळी हवी, आणि शक्यतो दोन निचरे. एकाच सपाट जाळीवर केस किंवा पाठ चिकटली तर अर्ध्या अश्वशक्तीचा पंपही सोडत नाही. पंपाचं बटण कुठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवं. महिन्यातून एकदा जाळीचे स्क्रू हाताने हलवून बघा, आणि एखादा सैल लागला तर तो घट्ट होईपर्यंत कुणालाही पाण्यात उतरू देऊ नका.